परिच्छेद त्रेसष्टमधली आत्या

ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. जुन्या वस्तू विकायची ती वेबसाइट. तिथे दर महिन्याला किती माणसं येतात हे काढून देणं तिचं काम. शेजारच्या टेबलावर मास्तर. तो प्रोग्रॅमर होता, पण कुणाच्या मेसेजमध्ये ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली की त्याला राहवायचं नाही, म्हणून मास्तर. सात वर्षं दोघांच्या खुर्च्यांत हातभर अंतर होतं, तरी दिवसभर एकमेकांना टाइप करून टोमणे मारायचे.

कंपनीने शेअर बाजारात उतरायचं ठरवलं, तेव्हा माहितीपत्रकात छापायचा आकडा तिच्याकडूनच गेला. एकाच माणसाची दोन-दोन खाती त्यात धरली गेली असतील, असं तिने वर कळवलं होतं. “तळटीप टाकू,” असं उत्तर आलं, आणि तळटीप पडलीही, बारीक अक्षरात. त्या दुपारी तिने मास्तरला लिहिलं, “माझी आत्या एकटीच राहते, पण आपल्या आकड्यात ती चार बायका आहे.”

मास्तरने लिहिलं, “हळू बोल, वरच्या मजल्यावर ऐकू जाईल.”

दोघं हसले आणि कामाला लागले.

शेअर विकले गेले. आठ महिन्यांनी कंपनीलाच जाहीर करावं लागलं की बरीच खाती दुबार निघाली आहेत. भाव कोसळला, आणि पंधरवड्याच्या आत भागधारकांनी खटला भरला: आकडा फुगवून आमच्या गळ्यात शेअर मारले. सगळ्यांना ईमेल आली, एकही मेसेज पुसू नका. कोर्टाच्या हुकमाने ते सारे मेसेज समोरच्या वकिलांकडे गेले. वर्षभराने त्यांनी दावा सुधारून दिला, तेव्हा परिच्छेद त्रेसष्टमध्ये आत्या होती. चौसष्टमध्ये मास्तरचं उत्तर.

कंपनीच्या वकीलबाईंनी दोघांना वेगवेगळं बोलावलं. “तुम्ही दोघं साक्षीदार. जबानी होईपर्यंत या विषयावर आपसात एक अक्षर नाही.”

“बाकीचं बोललं तर चालेल?” तिने विचारलं.

“चालेल. पण बोलता बोलता कुठे जाल, सांगता येत नाही.”

दोन दिवसांनी मास्तरने खिडकीजवळची जागा मागून घेतली. हळूहळू ऑफिसात कुणी काही लिहीनासंच झालं. साधी गोष्ट विचारली तरी उत्तर यायचं, “समोर आल्यावर बोलू.” ती समोर गेली की मात्र बोलणं आवरतं घेतलं जायचं. नवीन अ‍ॅप रखडलं, कारण ठरवणारी माणसं वकिलांकडे बसलेली असायची. दोन डिझायनर सोडून गेले. नवी लागलेली एक मुलगी जिन्यात उत्साहाने म्हणाली, “त्या आत्यावाल्या तुम्हीच ना?”

जबानीच्या खोलीला खिडकी नव्हती. लांब टेबल, पाण्याचा जग, कॅमेरा. समोरचा वकील अगदी मृदू बोलायचा.

“तुमची आत्या खरंच आहे?”

“आहे.”

“तिची चार खाती आहेत?”

“पासवर्ड विसरली की ती नवीन खातं उघडते.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“मी वर कळवलं होतं.”

“ते मी विचारलं नाही. यात हसण्यासारखं काय होतं, ते सांगाल?”

“ती एकटी असते ना... आणि चार...” जबानी टिपणारी बाई बोटं उचलून वाट बघत राहिली. चाळीस मिनिटं त्या एका ओळीची चिरफाड झाली. बाहेर पडताना तिला वाटलं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईची आपण चारचौघांत टिंगल केली. तिच्या स्वतःच्या घरी तरी वाट बघणारं कोण होतं?

तिने आत्याला फोन लावला.

“काय गं, आज आठवण झाली?” आत्या म्हणाली. “बोल ना.”

“काही नाही. सहज.”

पुढच्या उन्हाळ्यात तडजोड झाली. बहुतेक पैसे विमा कंपनीने भरले. चूक कुणीच कबूल केली नाही. चार ओळींच्या ईमेलमध्ये शेवटी लिहिलं होतं, आता सगळ्यांनी कामावर लक्ष देऊ या. ती उठून खिडकीपाशी गेली.

“आता बोलायला हरकत नाही म्हणे.”

“हो, वाचलं.”

“रागावलायस?”

“नाही गं. राग असता तर भांडून मोकळे झालो असतो.” मास्तर कीबोर्डकडे बघत राहिला. “मला भीती वाटायची. जबानीत मला विचारलं, वरचा मजला म्हणजे कोण. मी सांगितलं, ती काही ना काही लिहीतच असते, माझं लक्ष नसतं.”

सात वर्षांत तिचा एक मेसेज त्याने बिनउत्तराचा सोडला नव्हता.

“बरं केलंस,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? मग त्याने मुलीच्या शाळेबद्दल काहीतरी सांगितलं, तिने ऐकलं, आणि ती आपल्या जागेवर येऊन बसली.

दोन महिन्यांनी मास्तर नोकरी सोडून निघाला. सह्यांचं कार्ड टेबलावरून टेबलावर फिरत तिच्याकडे आलं. तिने पेन उघडलं. लगेच तीन ओळी सुचल्या, तिन्ही चांगल्या. पण प्रत्येक ओळ तिला त्या मृदू आवाजात, सावकाश, कुणीतरी वाचून दाखवत असल्यासारखी ऐकू आली. तिने लिहिलं, “पुढील वाटचालीस शुभेच्छा.” खाली सही केली आणि कार्ड पुढच्या टेबलावर दिलं.