किलोग्रॅमचा प्रश्न

बसथांब्याच्या बाकावर टेकताच सरांनी पिशवीतून कार्डांची पेटी काढली आणि वरचं कार्ड डोळ्यांजवळ धरलं. एक किलोग्रॅम म्हणजे नेमकं किती, हे कशावरून ठरवतात?

"प्लांकच्या स्थिरांकावरून," शेजारी बसलेली नवी लगेच म्हणाली.

सरांनी नकारार्थी मान हलवली. कार्डावर त्यांच्याच सुबक अक्षरात उत्तर होतं: तिजोरीत काचेच्या झाकणांखाली जपलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावरून. जगातला प्रत्येक किलो शेवटी त्या एका ठोकळ्याशी ताडून पाहिलेला असतो, असं त्यांनी रंगवून सांगितलं. पोरगी ऐकत राहिली. बस दिसू लागली तेव्हा तिने पुन्हा विचारलं.

"सर, पण नक्की ठोकळाच ना?"

"अगं, तीस वर्षं शिकवलंय मी ते."

विज्ञान प्रश्नमंजूषेला सहा दिवस उरले होते. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी दर वर्षी संघाची तयारी करून घ्यायला शाळा त्यांनाच बोलवी. दीड महिना, रोज चार ते साडेपाच, प्रयोगशाळेत. पत्नी गेल्यापासून या दीड महिन्याच्या जिवावर ते बाकीचं वर्ष ढकलत. तोंडावर कुणी असं म्हटलं असतं तर त्यांना राग आला असता, पण दुपारी तीनलाच बूट घालून बसणाऱ्या माणसाने काय सांगावं? त्यातून यंदा मुख्याध्यापकांनी बोलता बोलता सुचवून ठेवलं होतं, की पुढच्या वर्षी हे काम नव्या मॅडमकडे द्यावं का, तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा.

संघात तिघं होती. कप्तान आणि बडबड्या बालवाडीपासूनचे मित्र. नवी याच वर्षी शाळेत आलेली, म्हणून ती नवी. संघात तिला गुणांवर घेतलं होतं, पण बसायची ती टेबलाच्या टोकाला, आणि आपसात विचार करायला मिळणारे दहा सेकंद ते दोघं आपसातच संपवून टाकत. सराव सुटला की दोघं सायकलींवर पसार. मग सर आणि नवी थांब्यापर्यंत चालत जात आणि बस येईपर्यंत पाच जादा प्रश्न होत. तिथे ती भरभरून बोले. शाळेत दुसऱ्या कुणाशी ती एवढं बोलत नाही, हे सरांना दिसत होतं. वाईट वाटायला हवं होतं. त्यांना बरं वाटे.

त्या संध्याकाळी त्यांना चैन पडेना. दूरच्या शहरात इंजिनिअर असलेल्या मुलाला त्यांनी फोन लावला. मुलगा हसला. ते बदलून काही वर्षं झाली बाबा, आता स्थिरांकच, ठोकळा नुसता जपून ठेवलाय, असं त्याने सांगितलं आणि आणखी काही काम होतं का विचारलं. आणखी काही नव्हतं. मिनिटभरात फोन संपला.

उद्या थांब्यावर गेल्या गेल्या सांगून टाकायचं, असं ठरवून सर झोपले. दुसऱ्या दिवशी थांब्यावर नवीने आपण होऊन विचारलं, "सर, तुम्हाला एवढं सगळं कसं पाठ?" आणि सरांनी ठोकळ्याचा विषय काढलाच नाही. त्यांनी प्रकाशाचा प्रश्न काढला. तिसऱ्या दिवशी ते कार्ड पेटीतून काढून फाडून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हजार प्रश्नांतून नेमका हाच कोण विचारतोय?

नेमका हाच विचारला. अंतिम फेरीत, दोन संघ बरोबरीत असताना, शेवटचा. कप्तान आणि बडबड्या एकमेकांच्या कानाशी लागले, तोवर नवीने बझर दाबलाही होता. तिसऱ्या रांगेत सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. माझं ऐकू नकोस, ते मनात म्हणत होते. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा," ती स्वच्छ आवाजात म्हणाली.

प्रश्न दुसऱ्या संघाकडे गेला. त्यांनी स्थिरांक सांगितला आणि ढाल नेली.

परतताना शाळेच्या गाडीत चालकाशेजारी मुख्याध्यापक होते, त्यांच्या मागे सर आणि नवी, आणि पार मागे ते दोघं. त्यांची धुसफूस पुढपर्यंत ऐकू येत होती. स्वतःला फार शहाणी समजते, निदान एकदा विचारायचं तरी. नवी खिडकीबाहेर पाहत होती. एका वाक्यात तिची सुटका झाली असती. ती ते बोलत नव्हती. सरांना बसवेना. दांडी धरून ते उभे राहिले.

"तिला बोलू नका. सरावातलं तिचं उत्तर बरोबर होतं. ते चूक मी ठरवलं होतं."

मागची कुजबुज थांबली. मुख्याध्यापक मान न वळवता म्हणाले, "चालायचंच, सर. माणूस नवंनवं किती लक्षात ठेवणार?"

पुढच्या वर्षीचं काय ते त्यात आलंच. सर खाली बसले. नवीने त्यांच्याकडे पाहिलं, इतक्या मायेने, की तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण आता त्यांना थांबवेना.

"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, बाळ," ते हळूच म्हणाले.

"त्याच?"

"हो."

ती पुन्हा खिडकीकडे वळली.

"पुस्तकात स्थिरांकच होता, सर. छापलेलं होतं. मी ते पेनने खोडलं."

मग दप्तर उचलून ती उठली आणि बाकांना धरत मागे गेली. पोरं सरकली असावीत, कारण बाक करकरला. बऱ्याच वेळाने बडबड्याने काहीतरी विचारलं आणि तिने उत्तर दिलं. मग कप्तान बोलला, मग पुन्हा ती. घर येईपर्यंत ती बोलत होती, पण पुढच्या बाकावर ऐकू येईल एवढ्या मोठ्याने नाही.