चिमणाबाईनं सांगितलेला शेवट

क्रांतीनं चिमणाबाईच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं.

"सरक मावशे. तू ह्या वळीवरनं उतरस्तवर गोदा म्हातारी व्हईल."

सगळ्या हसल्या. क्रांती भराभर पुढं वाचू लागली. चिमणाबाईचं बोट मात्र रिकाम्या मांडीवर सरकत राहिलं, ओळ अजून तिथंच असल्यासारखं.

कबनूरच्या समाजमंदिरात रोज दुपारी तासभर वाचनवर्ग भरायचा. यंत्रमागांसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बारा बायका, शिकवायला प्रीती आणि सगळ्यांत मिळून एक पुस्तक. प्रीतीनं आपल्या टाचणवहीत सगळं आधीच बांधून ठेवलं होतं. एकेकीनं एकेक पान मोठ्यानं वाचायचं आणि कादंबरीतल्या गोदाला तिची हरवलेली बहीण तुळसा सापडते की नाही, ही उत्सुकता शेवटच्या दिवसापर्यंत ताणायची. ती ताणली गेली खरी, पण इतकी, की हळू वाचणारीसाठी कुणी थांबेना. चिमणाबाई साठीत अक्षरं शिकलेली. तीन आठवड्यांत तिचं एकही पान पुरं झालं नव्हतं.

त्या दिवशी तिनं प्रीतीकडं पुस्तक मागितलं आणि घरी नेलं. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यातनंच म्हणाली,

"बायांनो, मी शेवट वाचून आलो. तुळसा गावत न्हाय. तापानं मरती."

आक्काताईनं डोळ्याला पदर लावला.

प्रीतीनं ती कादंबरी तीनदा वाचली होती. तुळसा तापानं मरत नव्हती. बोलायला तिनं तोंड उघडलं. चिमणाबाई पुस्तक पोटाशी धरून तिच्याकडंच बघत होती. पापणीही हलत नव्हती.

"खरं का ओ बाई?" आक्काताईनं विचारलं.

प्रीतीनं टाचणवही मिटली.

"शेवट तर मावशींनी सांगितलाच," ती म्हणाली. "आता घाई कशाला? वाटेत काय काय होतं ते बघू. मावशी, तुमचं पान."

तेव्हापासून वर्गाची चालच बदलली. बायका वाचता वाचता मध्येच थांबू लागल्या. गोदाच्या नणंदेला त्यांनी पोटभर शिव्या घातल्या. गोदा भाकरी न बांधताच प्रवासाला निघाली, म्हणून आक्काताईनं लिहिणाऱ्यालाच खुळ्यात काढलं. गोदाकडं मोबाईल असता तर कादंबरी दोन पानांत संपली असती, असं क्रांतीचं मत पडलं आणि त्यावर अख्खा तास भांडण झालं. यातलं काहीच टाचणात नव्हतं. वर्ग सुटल्यावर प्रीती ते मागनं लिहून काढायची. चिमणाबाईला एका पानाला पाव तास लागायचा. बाहेर माग खटखटत असायचे. आत कुणी 'सरक' म्हणत नव्हतं.

शेवटचं पान उरलं, ते बरोबर चिमणाबाईच्या वाट्याला आलं. प्रीतीनं पाळी तशीच लावली होती.

"गोदानं... कडी... वाजवली. दार... उघडलं. दारात..." चिमणाबाईनं बोट दाबून धरलं. "दारात... तुळसा... उभी... होती."

क्रांतीनं वाकून पानात बघितलं.

"आता गं बया!" आक्काताई ओरडली. "ही तर जित्ती हाय!"

"मावशे, मेली म्हणालतीस की गं तू!" क्रांतीच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं आणि ती हसत होती.

"तवा चष्मा जुना होता. गप बसा आता, अजून चार वळी हाईत."

चारही ओळी तिनं वाचल्या. कुणी मध्ये बोललं नाही.

पुढच्या सोमवारी प्रीतीनं नवी कादंबरी आणली. टाचणवहीचं पान तिनं कोरंच ठेवलं होतं. क्रांतीनं पुस्तक उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि न उघडताच चिमणाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"सांग मावशे. ह्यात कोण मरतंय?"

चिमणाबाईनं पदरानं चष्मा पुसला.

"सांगतो की. पर पयलं पान मी वाचणार."