सागिनबायची सुयुंशी

अक्तामच्या दीपगृहात सागिनबायचं भूत राहतं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ते भूत तिथे कुणी बसवलं, हे मात्र ओरिन्शाला पक्कं माहीत होतं. कारण बसवणारी तीच, आणि सागिनबाय तिचाच नवरा.

सागिनबाय या दीपगृहाचा शेवटचा राखणदार. अरल समुद्र मागे हटत हटत दिसेनासा झाला, त्याच वर्षी तोही गेला. मनोरा वाळूत उभा राहिला. पायथ्याशी उंट सावलीला बसू लागले. मग भंगारवाले ट्रक घेऊन आले. त्यांची नजर वरच्या भिंगावर होती. माणसाच्या उंचीचं ते भिंग, त्याची पितळेची चौकट, तांब्याच्या नळ्या. ओरिन्शाने त्यांना घरी बोलावलं, चहा पाजला आणि सहज बोलावं तसं म्हणाली, "न्या की. फक्त आमच्या ह्यांना विचारून न्या. ते वरच असतात."

तेवढ्यात सूर्य कलला आणि रोजच्यासारखं भिंग पेटल्यागत लाल झालं. वाऱ्यानेही वरच्या धुरांड्यात शीळ घातली. भंगारवाल्यांनी चहा अर्धा टाकला. ट्रक पुन्हा काही आला नाही.

"जिवंतपणी दुपारी झोपा काढायचा," ओरिन्शा मनाशी म्हणायची, "मेल्यावर तरी कामाला लावला."

भूत ठेवायचं म्हणजे त्याचं करावंही लागतं. दर शुक्रवारी ती मृतांच्या नावाने सात शेलपेक तळायची. पातळ, फुगलेल्या पोळ्या. त्या मनोऱ्याच्या दारात ठेवून दुवा मागायची. दुसऱ्या दिवशी ताट रिकामं असायचं. कुत्री खात असतील, असं ती धरून चालली होती. सुरुवातीला ती वर जाऊन भिंगही पुसून यायची. पुढे गुडघे गेले, आणि तिचं वर जाणं बंद झालं.

मग नदीचं पाणी धरून ठेवणारा बांध झाला आणि समुद्र परत आला. आधी गाळ ओला झाला, मग बेडूक ओरडले, मग एक दिवस लाट थेट मनोऱ्याच्या पायरीला लागली. गावाने मेंढा कापला. शिक्षणासाठी शहरात गेलेली पोरं परत येऊन जाळी विणू लागली. ओरिन्शाच्या मुलाने, नुरबेर्गेनने, तीन दोस्तांबरोबर बोट बांधली आणि या वसंतात पहिल्यांदाच ते भूशिराच्या पलीकडे गेले.

त्याच दुपारी वादळ उठलं. कोरड्या राहिलेल्या तळावरची पांढरी खारी धूळ अशी उसळली, की अंगणातून विहीर दिसेना. गाव मनोऱ्यापाशी जमलं. किनारा कुठे आहे हे बोटीला कळायचा एकच मार्ग होता. वरचा दिवा. रॉकेलचा डबा आला, काड्यापेटी आली. वर जायला मात्र कुणी पुढे होईना.

"मी गेलो असतो, पण माझी बायको गरोदर आहे," एक म्हणाला.

"मग बायकोला थोडंच चढायचंय?"

"सागिनबाय आजोबांना पाहुणे आवडत नाहीत. माझ्या काकांना त्यांनी दगड मारला होता."

ओरिन्शाला ठाऊक होतं, तो दगड तिनेच मारला होता. आपण घडवलेलं भूत इतकं पक्कं झालंय, हे पाहून एरवी ती खूश झाली असती. आज मात्र तेच अंगाशी आलं. मुलगा बाहेर धुळीत आणि दार तिच्याच गोष्टीने अडवलेलं. खरं सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. पण आता कोण विश्वास ठेवणार? म्हणतील, मुलासाठी म्हातारी नवऱ्याला नाकारतेय.

ती कोझाबेककडे वळली. कोझाबेक सागिनबायचा जुना मदतनीस, आता उंट राखायचा. तो तिचा कुर्दास, म्हणजे एकाच वर्षी जन्मलेला. कुर्दासने कुर्दासला काहीही बोलावं, दुसऱ्याने राग धरायचा नाही.

"तू जा की रे. तुझ्या मिशीलाच भूत घाबरेल."

"मी?" कोझाबेक दोन पावलं मागे सरला. "नको बाई. तुझ्या नवऱ्याला मी अजून भितो. तूच जा. तुला बघून तो समुद्रात उडी मारेल, रस्ता मोकळा."

लोक हसले. ओरिन्शाही हसली, आणि हसता हसता तिला सुचलं. तिने काठी आपटली.

"अरे, पण ह्यांच्याकडे सुयुंशी कुणी मागितली का?"

सुयुंशी म्हणजे आनंदाची बातमी सर्वांत आधी आणणाऱ्याने हक्काने मागून घ्यायची भेट.

"पाणी परत आलं, हे ह्यांना जाऊन कुणी सांगितलं? मुलगा बोट घेऊन समुद्रावर गेला, हे सांगितलं? एवढी आनंदाची बातमी पडून आहे! जो पहिला सांगेल त्याची सुयुंशी. भेट दिल्याशिवाय ह्यांची सुटका नाही. मेलेल्या माणसालाही ती नाकारता येत नाही."

"त्याला वरून दिसलंच असेल की पाणी," कोझाबेक म्हणाला.

"ह्यांना? चष्म्याशिवाय समोरची बायको दिसायची नाही, समुद्र कुठला दिसतोय! चष्मा माझ्या पेटीत आहे."

गर्दीत चुळबुळ झाली. पहिली बातमी द्यायचा मान, तोही भुताकडून भेट! दोन तरुण पुढे झाले. पण त्यांच्या आधी नुरबेर्गेनची बायको कामशात दारात पोचली होती. तिने डोक्यावरचा रुमाल नीट केला. सासरच्या मोठ्या माणसाचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, म्हणून तिने आत तोंड करून नुसतीच हाक मारली.

"मामंजी, सुयुंशी! पाणी आलं! तुमचा मुलगा बोटीवर आहे!"

तीन वेळा वाकून नमस्कार केला आणि डबा घेऊन ती धडाधडा जिना चढली. खालून ओरिन्शा ओरडून सांगत होती, वात किती वर काढायची, झडप कुठली उघडायची. मागे राहिलेले तरुण चडफडत होते.

थोड्या वेळाने धुळीत वर एक पिवळा गोळा दिसला. फिकट होता तो आधी, मग ठसठशीत झाला. मग समुद्राच्या बाजूने भोंगा वाजला, एकदा, पुन्हा एकदा, जवळून. बायका रडायला आणि हसायला एकदमच लागल्या. बोट पायरीला लागली तेव्हा चौघांच्या भुवयासुद्धा मिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. पिठाच्या चक्कीतून निघाल्यासारखे ते चौघं उतरले, आणि त्यांच्यामागून माशांनी भरलेल्या टोपल्या.

कामशात खाली आली. हातात एक पियाला होता, निळ्या काठाचा, कड उडालेला.

"सासूबाई, मामंजींनी सुयुंशी दिली! दिव्याच्या शेजारीच ठेवला होता. आत चहाची पत्ती अजून ओली आहे!"

लोक मागे सरले. ओरिन्शाने पियाला हातात घेतला. हा कोझाबेकच्या घरचा. हरवला म्हणून त्याची बायको मरेपर्यंत त्याला बोल लावायची.

"आणि भिंग?" ओरिन्शाने विचारलं. "धूळ साचली असेल ना वर्षानुवर्षांची?"

"कसली धूळ! आरशासारखं लख्ख आहे."

ओरिन्शाने कोझाबेककडे पाहिलं. तो आपल्या बुटांचं निरीक्षण करत होता. ती त्याच्या जवळ गेली आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "कुत्री म्हणून मी ज्याला इतकी वर्षं पोळ्या घातल्या, तो तू होय?"

"शेलपेक वाटायच्याच असतात," कोझाबेक पुटपुटला. "दुवा तर दोघांनाही मिळाली. मला कधीपासून कळलं होतं तुझं भूत. म्हटलं, गुडघे गेले बिचारीचे, भिंग कोण पुसणार."

"मग आज का नाही गेलास, मेल्या?"

"डबा उचलणारच होतो, भूत उघडं पडलं तरी. तेवढ्यात तू सुयुंशी काढलीस. म्हटलं, ही आता दोघांनाही वाचवेल. मला आणि सागिनबायला." मग मान वर न करताच तो म्हणाला, "फक्त एक सांगू? मीठ कमी पडतं तुझं."

पुढच्या शुक्रवारी ओरिन्शाने पिठात हात सैल सोडून मीठ घातलं. कामशातने ताट उचललं आणि दोघी मनोऱ्याच्या दारात गेल्या. दारापाशी कोझाबेकचे उंट सावलीला बसले होते, कोझाबेक मात्र आसपास नव्हता.

"अहो!" ओरिन्शाने वर तोंड करून हाक मारली. "आज चव घेऊन बघा!"

वरून कुणीतरी खाकरलं. कामशातने घाईघाईने रुमाल पुढे ओढला आणि वाकून नमस्कार केला. ओरिन्शानेही मान वळवली, सुनेला तिचं हसणं दिसू नये म्हणून.