रिबका वाकरूळकरांची विळी

मी एक जुनी विळी आहे, मित्रांनो. फणसाचा पाट, लोखंडी पातं आणि पात्याच्या टोकाला नारळ खवायचे दाते, एवढाच माझा संसार. आधीच सांगून ठेवते, माझं बोलणंही जरा धारेचंच आहे. कुठे लागलं तर बोट तोंडात घाला आणि पुढे ऐका.

माझा जन्म ठाण्यातला, वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजच्या मागचा. तिथे एक लोहार भाता घेऊन बसायचा. मोडीत निघालेल्या लॉरीच्या कमानपाट्याचे त्याने दोन तुकडे केले. एका तुकड्याची मी झाले, दुसऱ्याचा कोयता झाला. तो माझा सख्खा भाऊ कुणाच्या हाती पडला, त्याने ऊस तोडला की आणखी काही, देव जाणे. मी त्याला पुन्हा पाहिलं नाही. पण कोयत्याची बहीण म्हटली की लोक माझ्याकडेही जरा तिरकं बघतात, हे मात्र मी जन्मभर अनुभवलं.

जवळच्याच कारखान्यात शालोम वाकरूळकर नावाचा तरुण फिटर होता. नुकतं लग्न झालेलं. त्याने मला वर्तमानपत्रात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि चरईतल्या घरी नेलं. त्याची बायको रिबका कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, लोक नव्या नवरीला साडी आणतात!"

"साडी विरून जाईल. ही राहील," शालोम म्हणाला.

त्याचं बोलणं खरं झालं. शालोम गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, मी आहे. त्या माणसाचे उपकार मी विसरत नाही.

वाकरूळकर म्हणजे बेने इस्रायली, आपल्या कोकणातले ज्यू. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याला लागले आणि इथलेच होऊन गेले. घरात बोलणं मराठी, भांडणं मराठी, शनिवारी चूल बंद, आणि देवाचे आभार मानायचे असले की मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, वेलची आणि भरपूर ओलं खोबरं ताटात रचायचं, भोवती फळं मांडायची आणि प्रार्थना म्हणायची. खोबरं अर्थातच माझं! रिबकाच्या मटणातही नारळाचंच दूध, कारण मटणात दूधदुभतं घालायचं नाही असा त्यांचा नेम.

आमच्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं होती आणि पुढे एक सामाईक गॅलरी. मधल्या घरात त्र्यंबकराव आणि मंदाकिनी. पलीकडे जैनब परकार, रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान. तिघींचा स्वयंपाक वेगळा, देव वेगळे, पण नारळाशिवाय एकीचंही पान हलत नव्हतं. मग काय, मी एका घरात टिकतेच कशाला! मंदाकिनीकडे मोदकांचं सारण, जैनबकडे सांदण, खालच्या मजल्यावरच्या परशुरामांकडे नारळी पौर्णिमेचा नारळीभात. माझ्या पाटावर किती जणी बसून गेल्या आणि खोबऱ्याबरोबर किती सासवा खवल्या गेल्या, ते मी सांगत नाही. विळी असले तरी चहाडखोर नाही.

मंदाकिनीचा एक दंडक होता. विळी कधी हातातून हातात द्यायची नाही, भांडण होतं. देणारीने जमिनीवर ठेवायची, घेणारीने उचलायची. रिबका हसायची, जैनब डोळे मिचकवायची, पण दोघी पाळायच्या. मैत्रिणीचा शब्द म्हणून पाळायच्या.

रिबकाची एकुलती एक मुलगी दीना. शाळेतून आली की दप्तर स्वतःच्या दारात टाकायची आणि सांदण खायला जैनबच्या घरात शिरायची. तिचे केस जैनबने विंचरले, तापात कपाळावर पट्ट्या जैनबने ठेवल्या. पुढे दीना नर्स झाली, लग्न करून इस्रायलला गेली, तिकडच्या एका वृद्धाश्रमात नोकरीला लागली. फोनवर ती आधी आईशी बोलायची आणि मग म्हणायची, "आता जैनबमावशीला दे." मी ओट्याखालून ऐकायची. काय सुख होतं ते, मित्रांनो! मला वाटायचं, लोखंडाच्या तुकड्याला याहून जास्त काय मिळायचं असतं?

मग तिकडे युद्ध पेटलं.

कोण बरोबर, कोण चूक, ते मला कळत नाही आणि कळतं असा आवही मी आणत नाही. मी सांगते ते चरईतल्या गॅलरीचं. त्र्यंबकराव बँकेतून रिटायर झालेले, वाचन दांडगं, माणूस मनाने चांगला. जैनबच्या नवऱ्याला हॉस्पिटलात रक्त लागलं तेव्हा पायात चपला न घालता धावलेले. पण रोज संध्याकाळी त्यांच्या टीव्हीवर आठ चौकटींत आठ माणसं एकदम ओरडायची आणि चर्चा संपली की त्र्यंबकराव तोच आवाज घेऊन गॅलरीत यायचे. अहो, मी रोज कापते, पण एवढा गोंगाट करून नाही!

एकदा रिबका दारात कोथिंबीर निवडत होती. त्र्यंबकराव म्हणाले, "रिबकावहिनी, अभिनंदन! काल तुमच्या लोकांनी काय हाणलंय, मानलं बुवा!"

"माझे लोक पेणजवळच्या वाकरूळचे, भाऊजी," रिबका म्हणाली. "ते हाणलंच तर भाऊबंदकीत एकमेकांना हाणतात."

ते खो खो हसले आणि जैनबकडे वळले. "आणि जैनबवहिनी, तुम्ही लोक एकदा उघड निषेध का करून टाकत नाही?"

"सकाळी दूध नासलं, त्याचा निषेध चाललाय भाऊजी. तो उरकला की तुमचा घेते."

त्या दिवशी सगळेच हसले. पण हे रोज व्हायला लागलं. एकीचं रोज अभिनंदन, दुसरीची रोज उलटतपासणी. सोसायटीच्या ग्रुपवर तर ऊत आला. ते सगळे असलेच, हे सगळे तसलेच, यांच्या रक्तातच आहे, त्यांच्या धर्मातच आहे. परशुराम सेक्रेटरी होते. इथलेच आगरी, एके काळी त्यांच्या घरची मिठागरं होती. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "अरे पानी कधी येनार ते लिवा ना फक्त!" कुणी ऐकलं नाही. ज्यांना शेजारच्या घराची बेल कशी वाजते ते ठाऊक होतं, ते सातासमुद्रापलीकडचा हिशेब शेजारणीकडून मागू लागले.

सुरीचं समजतं हो, लागलं की लगेच रक्त दिसतं. हे बोलणं मात्र दिसत नव्हतं आणि आत जात होतं. रिबका रात्रंदिवस दीनाच्या काळजीत. जैनब चार माणसांत बसली की गप्प, आता कोण काय विचारील या धास्तीत. दोघी थकल्या होत्या.

अशात एक दिवस जैनब मला परत द्यायला आली. रिबकाचा टीव्ही चालू होता. पडद्यावर धुळीने माखलेला एक लहान मुलगा बसला होता. एकाच पायात बूट. रडतही नव्हता. जैनब जागच्या जागी थिजली.

"तुमच्या लोकांना काळीज आहे की नाही गं?" ती बोलून गेली.

रिबका उसळली. "आणि तुमच्या लोकांना आहे? माझी पोर तिकडे जिन्याखाली बसून दिवस काढते, तिचं कुणी विचारलं?"

तुमचे लोक! इतकी वर्षं माझ्या पाटावर आळीपाळीने बसलेल्या या दोघी, आणि टीव्हीतला शब्द अखेर यांच्या तोंडी आला. जैनबने मला पुढे केलं, रिबकाने तिच्या हातातून हिसकावून घेतलं आणि दार लागलं.

मंदाकिनीने हे पाहिलं आणि तिला कारण सापडलं. "विळी हातातून हातात घेतलीत ना? मग दुसरं काय होणार!" घ्या! भांडण आधी झालं, मला नंतर हिसकावलं, तरी दोष माझा. कारण काय, तर लोखंड, धार आणि कोयत्याची बहीण. खरं सांगते, त्या दिवशी मला जैनबचं दुःख कळलं आणि रिबकाचंही कळलं. न केलेल्या गोष्टीसाठी मान खाली घालणं आणि न केलेल्या गोष्टीसाठी शाबासकी ऐकणं, दोन्ही सारखंच झोंबतं.

रिबकाने मला गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं. खाली मिक्सर घरघरायला लागला. माझ्यावर गंज चढला, त्याचं मला फारसं वाटलं नाही. वाटत होतं ते या दोघींचं. गोणपाटाच्या भोकातून मला दिसायचं, रिबका दाराशी जायची, कडीला हात लावायची आणि परत फिरायची. पलीकडे जैनबचंही तसंच चाललं असणार. आता हे असंच राहणार, एक दिवस दोघींतली एक जाईल आणि दुसरी दार लावून रडेल, या भीतीने माळ्यावर माझा जीव नुसता गोळा व्हायचा.

एका सकाळी रिबकाचा फोन सारखा टिंगटिंग करत सुटला. त्र्यंबकरावांनी ग्रुपवर लिहिलं होतं, कालच्या हल्ल्याबद्दल रिबकावहिनींचे हार्दिक अभिनंदन, आणि खाली टाळ्यांची आणि झेंड्यांची रांग. पाठोपाठ साऱ्या सोसायटीचं अभिनंदन. रिबकाने फोन बंद केला, तांदळाच्या डब्यात टाकला आणि वर झाकण लावलं. टीव्हीही बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंदाकिनी दार बडवत आली. "रिबका! अगं, दीनाच्या गावाचं नाव दाखवतायत टीव्हीवर. काहीतरी पडलंय म्हणे तिकडे. बोललीस का तिच्याशी?"

रिबकाने तांदळात हात घातला. फोन चालू होईना, त्या टिंगटिंगीत बॅटरी आधीच संपत आलेली. चार्जर सापडेना. सापडला तर घाईत ती तो उलटाच खुपसू लागली, फोनला लागेना. त्र्यंबकराव उंबऱ्याशी उभे होते. मी वरून सगळं पाहत होते आणि विळीला काय करता येतं? काही नाही.

तेवढ्यात पलीकडचं दार आपटलं. जैनब अनवाणी धावत आली, ओढणी जमिनीवर लोळत होती. तिने आपला फोन रिबकाच्या कानाला लावला.

"घे. तुझी पोरगी."

"आई!" दीनाचा आवाज इतका मोठा होता की माळ्यापर्यंत आला. "फोन का बंद ठेवलास गं? कधीची लावतेय! आम्ही सगळे ठीक आहोत. ऐकतेयस ना? सगळे ठीक आहोत."

रिबका फोन कानाशी धरूनच खाली बसली. जैनबने शेजारी बसून तिला मिठीत घेतलं आणि दोघी ओक्साबोक्शी रडल्या. जरा वेळाने जैनबने नाक पुसलं. "फोन कशाला बंद केलेलास? वेडी आहेस का तू?"

"नकोशी झाली होती गं ती अभिनंदनं," रिबका म्हणाली.

उंबऱ्यातल्या त्र्यंबकरावांचा चेहरा उतरला. आपल्याच टाळ्यांनी एका आईचा फोन बंद पडला होता, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते घरात गेले आणि त्यांचा टीव्ही बंद झाल्याचं आम्हाला ऐकू आलं.

"मी तसं बोलायला नको होतं," जैनब म्हणाली. "त्या पोराला बघून माझं डोकंच फिरलं."

"मी तरी काय कमी बोलले?" रिबका म्हणाली. "चल, मलिदा करायचाय. देवाचे आभार मानायचेत. खोबरं कोण खवणार?"

मंदाकिनीने स्टूल धरलं आणि रिबकाने वर चढून मला खाली काढलं. चिंच आणि राख लावून जैनबने माझा गंज घासला. मंदाकिनी पुन्हा सुरू झाली, "आता तरी खाली ठेवून द्या हो."

"भांडायला आम्हाला विळी लागत नाही मंदा, टीव्ही पुरतो!" जैनब म्हणाली. पण ठेवलं मात्र तिने मला खालीच.

त्या दिवशी मी खवलं तसं खोबरं जन्मात खवलं नव्हतं. टेंभीनाक्याकडच्या सिनेगॉगमधून, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरातून, प्रार्थना म्हणायला एक गृहस्थ आले. घर माणसांनी भरलं. त्र्यंबकराव सगळ्यांच्या शेवटी आले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात चिकू घेऊन. फळांच्या ताटाशी अवघडून उभे राहिले.

"वहिनी... दीना कशी आहे?"

युद्ध सुरू झाल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच हे विचारलं होतं. रिबकाने त्यांच्या हातातले चिकू घेऊन ताटात मांडले. मग म्हणाली, "बरी आहे भाऊजी. धुळीने खोकला झालाय थोडा. बसा ना."

प्रार्थना झाली, सगळे आमेन म्हणाले. रिबका द्रोण भरू लागली. एकेकाचं नाव घेऊन द्यायची तिची पद्धत. हा मंदाचा, हा भाऊजींचा, हा परशुरामांचा, हा जैनबचा, दीनाच्या नावाचा हा वेगळा. सगळ्यांचे झाल्यावर तिने आणखी एक द्रोण भरला आणि थांबली.

"जैनब, त्या टीव्हीतल्या पोराचं नाव काय होतं गं?"

जैनबचे डोळे भरून आले. "सांगितलंच नाही कुणी."

रिबकाने तो द्रोण दीनाच्या द्रोणाशेजारी ठेवला.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले. दाते झिजले, पाट कुरकुरतो, तरी मी भरून पावले, कारण माझ्या डोळ्यांदेखत एक तुटलेलं घर सांधलं गेलं. तुमच्याकडे माझं मागणं एकच आहे. मला कोरडं ठेवा, अधूनमधून धार लावा, ते तर कराच. पण कुणाला 'तुम्ही लोक' म्हणावंसं वाटलं, तर आधी त्याच्या घरचं माणूस कसं आहे ते नाव घेऊन विचारा. आणि ज्याचं नाव तुम्हाला ठाऊक नाही, त्याच्यासाठीही एक द्रोण भरून ठेवा.