हातचं राखलेलं

"काका, लॅबच्या मशीनचं लिहून दिलंत?"

सकाळी उभ्याउभ्या होणाऱ्या दहा मिनिटांच्या बैठकीत धाकटीने हे तिसऱ्यांदा विचारलं.

"त्यात लिहिण्यासारखं काही नाही," काका म्हणाले. "हाताला कळतं ते."

खात्यातला चष्मेवाला पोरगा हसला. धाकटी हसली नाही. तिने फळ्यावर 'लॅब'पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि ती पुढच्या तक्रारीकडे वळली.

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत पाच माणसं होती. सगळ्या इमारतीतले संगणक, छपाईयंत्रं आणि त्यांच्या तारा त्यांच्या गळ्यात. काका त्यांतले सर्वांत जुने, एकोणीस वर्षं तिथेच. धाकटी सहा वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला तारेचं टोक नीट सोलता येत नव्हतं. ते काकांनी शिकवलं. चिडलेल्या डॉक्टरांशी फोनवर कसं बोलायचं, तेही. 'धाकटी' हे नावसुद्धा त्यांनीच ठेवलेलं. जुने प्रमुख निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागेवर आपणच, हे काकांनी धरून ठेवलं होतं. घरीही तसं बोलून बसले होते. आदेश निघाला तो धाकटीच्या नावाचा. आता सगळे तिला मॅडम म्हणत. काका एकटेच धाकटी म्हणत, आणि ते मुद्दाम होतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिला काम येत नसतं तर काकांचं निभावलं असतं. चार दिवस गंमत पाहिली असती आणि गप्प बसले असते. दुखणं हेच होतं, की तिला जमत होतं. आरडाओरडा करणाऱ्यांचे फोन ती स्वतः घेई. माणसं वेळेवर जेवायला जात. कुणाचं चुकलं तर ती दार लावून बोले आणि कुणाचं साधलं तर दार उघडं ठेवून. उघड्या दारातून चष्मेवाल्याचं कौतुक ऐकू आलं, की काका कीबोर्ड जोरजोरात बडवू लागत. पूर्वी वॉर्डातल्या सिस्टर फोनवर "काकांना पाठवा" म्हणत. हल्ली "कुणालाही पाठवा" म्हणायला लागल्या होत्या. हे काकांना शिवीपेक्षा जास्त लागलं.

राहता राहिलं लॅबचं मशीन. चौथ्या मजल्यावर, टेबलाखाली, एक जुनाट संगणक होता. रक्ताचे सगळे रिपोर्ट त्याच्यातून वॉर्डांच्या पडद्यांवर जात. वीज गेली की तो रुसे. तो कुठल्या क्रमाने बंद करायचा, मध्ये किती थांबायचं आणि कुठल्या क्रमाने चालू करायचा, हे अकरा वर्षांपूर्वी काकांनी चाचपडत शोधलेलं. त्यानंतर दुसऱ्या कुणाला ते जमलं नव्हतं. कारण दुसरं कुणी खोलीत असलं, की काका त्याला काहीतरी आणायला पाठवत.

त्या गुरुवारी दुपारी वीज गेली आणि पाच मिनिटांत आली. काका कँटीनमध्ये जेवत होते. फोन वाजला, चष्मेवाला. त्यांनी तो वाजू दिला. पुन्हा वाजला; धाकटी. काकांनी फोन पालथा घातला आणि पुढचा घास घेतला. 'मारा म्हणावं डोकं,' ते मनात म्हणाले. 'फळ्यावर शोधा उत्तर.' कितीतरी महिन्यांत जेवण इतकं गोड लागलं नव्हतं. जेवण संपल्यावर त्यांनी चहाही मागवला.

पाऊण तासाने ते निघाले. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात अतिदक्षता विभागातल्या थोरल्या सिस्टर पायरीवर बसल्या होत्या. एका हातात कागदांचा गठ्ठा, दुसरा हात पोटरीवर.

"काय झालं सिस्टर?"

"काय व्हायचंय? लिफ्टला ही गर्दी. रिपोर्ट पायी नेतेय, पाचवी फेरी. खाली एका पेशंटला रक्त चढवायचं थांबलंय, कागद हातात आल्याशिवाय डॉक्टर हलत नाहीत." त्या कठड्याला धरून उठल्या. "तुम्ही कुठे होतात हो काका? सगळे तुम्हाला शोधतायत."

काकांनी गठ्ठ्याकडे हात पुढे केला. "नको," सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम करा."

लॅबमध्ये चष्मेवाला घामाघूम होऊन टेबलाखाली आडवा होता. काकांनी त्याला बाहेर काढलं. सहा मिनिटांत रिपोर्ट जाऊ लागले.

"काका नसते तर काय झालं असतं!" लॅबच्या ताई म्हणाल्या. याच एका वाक्यावर काकांनी कित्येक वर्षं काढली होती. आज ते कानाला लागून तसंच खाली पडलं.

तेवढ्यात रुग्णालयाचे मोठे साहेब आले. "पन्नास मिनिटं! चूक कुणाची?"

काका उगाचच एक तार गुंडाळू लागले.

"माझी," धाकटी म्हणाली. "अख्खी लॅब एका माणसाच्या भरवशावर ठेवली. त्यांनी जेवायलासुद्धा जाऊ नये काय?"

साहेबांनी तिला सगळ्यांदेखत झापलं. तिने मान खाली घातली नाही आणि काकांकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. शिक्षा वाट्याला यायची तर तीही हिनेच घ्यावी? तिथेही हीच पुढे!

खाली येताना ती जिन्यात थांबली. "फोन बघितला होतात ना, काका?"

"हो."

"वाटलंच मला." ती कठड्याला टेकली. "मला शिकवताना तुम्ही हातचं काही राखलं नाहीत. मग एवढंच का?"

"तेवढंच उरलंय माझ्याकडे," काका म्हणाले. म्हणून गेले, आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"ते तुमच्याकडेच राहू दे म्हणावंसं वाटतंय," ती म्हणाली. "पण म्हणता येत नाही हो मला."

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती.

"जळताय तिच्यावर," ती म्हणाली.

"मी?"

"नाही, शेजारी! अहो, मी नाही जळत? शिवणकाम धाकट्या जाऊबाईंना मीच शिकवलं. आता सगळं घर त्यांच्याकडे धावतं. टोचतंच. पण मला दुपारची झोप मिळते." तिने घडी ठेवली. "तुमच्यामुळे कुणाचं रक्त अडू नये एवढं बघा. बाकी जळायचं तितकं जळा."

दुसऱ्या दिवशी काका तासभर लवकर आले. लिहायला बसल्यावर कळलं, की हाताला माहीत असलेलं कागदावर यायला तयार नसतं. दोनदा फाडून त्यांनी तिसऱ्यांदा लिहिलं. कुठलं बटण, कुठला दिवा, चार मिनिटं म्हणजे पूर्ण चार; शेवटी चित्र. ती पानं त्यांनी धाकटीच्या टेबलावर ठेवली. तिने ती वाचली, चष्मेवाल्याला दिली आणि त्याला काकांबरोबर लॅबमध्ये धाडलं. चष्मेवाल्याने वाचत वाचत मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. काका भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभे होते. त्याचं एकदा तरी चुकावं असं त्यांना फार वाटत होतं. चुकलं नाही.

दोन महिन्यांनी भर दुपारी पुन्हा वीज गेली. काका तिसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी छपाईयंत्र उघडून बसले होते. ते तसंच टाकून ते धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोचले.

लॅबमध्ये शांतता होती. पडद्यावर रिपोर्ट एकामागून एक पुढे सरकत होते.

"तुम्ही कशाला धावलात?" ताईंनी विचारलं. "तो चष्मेवाला येऊन गेला की. झालं सगळं."

"सहज," काका म्हणाले. "इकडेच होतो."

"दम लागलाय तुम्हाला. बसा जरा." त्यांनी खिडकीजवळचं स्टूल पुढे ओढलं.

काका बसले. या खोलीत ते शेकडो वेळा आले होते, पण आले की थेट टेबलाखाली. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसत होती. तिथे दोन बायका ओली चादर दोन टोकांना धरून पिळत होत्या आणि कशावरून तरी हसत होत्या.

"इथून एवढं दिसतं?" काकांनी विचारलं.

"नेहमीच दिसतं," ताई म्हणाल्या आणि आपल्या कामाला लागल्या.