जादाची फेरी

दुसऱ्यांसाठी नियम करायला बसलं की माणसाला भलतीच स्फूर्ती येते! सिग्ने लाक्सोलाही त्या संध्याकाळी आली होती. उत्तरेकडच्या, बर्फाच्या आणि खाणींच्या राऊटा गावातल्या हायस्कुलातल्या मुलींच्या पोहण्याच्या आणि सूर मारण्याच्या संघाची ती कॅप्टन. पुढच्या वर्षी संघात कोणाला घ्यायचं, याचे नियम सुचवायला प्रशिक्षक साल्मेला सरांनी तिला सांगितलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, गरम पेस्टीचे, म्हणजे खाणकामगारांच्या त्या मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीचे, घास घेत घेत ती एकेक नियम ऐली मावशीला ऐकवत होती.

"सकाळी सहाच्या ठोक्याला पाण्यात. उशीर झाला तर त्या आठवड्याची स्पर्धा नाही."

"बरं."

"सूर मारणाऱ्या मुली फळीवर असताना बाकीच्यांनी खायला बाहेर पळायचं नाही."

"हे छान केलंस. वेस्ना खूश होईल." वेस्ना म्हणजे सिग्नेची जिवलग मैत्रीण. ती फळीवर उभी राहिली की नेमकी सगळ्यांना भूक लागायची.

"आणि पाचशे यार्ड नऊ मिनिटांत. जिला जमणार नाही, तिला संघात जागा नाही."

मावशीचा काटा ताटलीवरच थांबला. "हा नियम आहे, की टिल्डा ब्रोझिच?"

सिग्ने लाल झाली. मावशी आयुष्यभर खाणीत अजस्र गाड्या चालवून निवृत्त झालेली बाई. तिला गोल गोल बोलता येत नसे आणि दुसऱ्याचं गोल गोल बोलणं खपतही नसे.

"मावशी, तुला माहीत नाही. सहा लेन आहेत आणि चाळीस मुली! टिल्डा पुढे असली की मागे सगळी रांग तुंबते. रस्त्यावर बर्फ काढणारी गाडी पुढे लागली की कसं होतं?"

"ती पुढे असते म्हणून तर मागचे घरी पोचतात," मावशी म्हणाली आणि उरलेली पेस्टी खाऊ लागली.

आता टिल्डा संथ पोहायची हे खरंच होतं. गावाबाहेर बंद पडलेल्या खाणींचे खड्डे आहेत, त्यांत निळंशार पाणी साठलंय. टिल्डा तिथे आपली आपणच पोहायला शिकली. घाई कशी करायची हे त्या पाण्याने तिला शिकवलंच नव्हतं. माणूस झोपेत चालावा तशी ती पोहायची. पण सकाळी सहाला, गाड्यांच्या काचांवर बर्फाचा थर असताना, तलावाच्या दाराशी सगळ्यांत आधी कोण उभं असायचं? टिल्डाच! आणि आजवर संघाचा नियम एवढाच होता की तलाव न थांबता पार करा, रोज या, तुम्ही आमच्या.

सिग्नेने नवे नियम सरांना दिले. सरांनी ते वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"गुरुवारी आपल्याकडे शेवटची स्पर्धा आहे," ते म्हणाले. "टिल्डाला पाचशे यार्डांत उतरवतो. नऊ मिनिटांत आली तर ती आहेच. नाही आली, तर तुझा नियम. आणि तिच्या फेऱ्या तू मोजायच्या."

"मी?"

"कॅप्टन ना तू?"

पाचशे यार्ड म्हणजे तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस खेपा, जाऊन-येऊन दहा फेऱ्या. पोहणारीला हिशेब राहत नाही. म्हणून समोरच्या टोकाला एक मैत्रीण गुडघे टेकून बसते आणि आकड्यांची पाटी पाण्यात बुडवून दाखवते. शेवटची खेप आली की लाल पाटी. ती दिसली की जीव काढून सुटायचं आणि भिंतीला हात लावून थांबायचं.

टिल्डाला कळलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. "तू मोजणार? मग मला काय चिंता!"

गुरुवार उजाडला. राऊटाच्या शाळेचा तलाव जुना आहे, खाणीत पैसा होता त्या दिवसांतला. हिरव्या फरशा, उंच खिडक्या. बाहेर नोव्हेंबरचं बर्फ भुरभुरत होतं आणि आत ऊबदार वाफ तरंगत होती. पाण्यावरचा उजेड छतावर जाऊन हलत होता. त्या हलत्या उजेडाकडे पाहत राहिलं की आपणच पाण्याच्या तळाशी पडून वर बघतोय असं वाटायचं. भिंतीतली वेळ मोजायची यंत्रं त्या वर्षी बिघडलेली, त्यामुळे पलीकडच्या टोकाला पालक मंडळी हातात घड्याळं घेऊन गप्पा मारत उभी होती.

शिट्टी झाली. टिल्डा आली, गेली. आली, गेली. सिग्ने पाटी बुडवत होती. चळक, चळक असा पाण्याचा तोच तो आवाज. गुडघ्यांखाली कोमट फरशी. छतावरचा उजेड डुलत होता आणि सिग्ने त्याच्याबरोबर कुठल्या कुठे निघून गेली. मोठ्या शहरातला मोठा तलाव, हजारभर माणसं, राज्याची स्पर्धा, आणि सगळ्यांच्या पुढे एकटी ती. पाणी दुभंगून वाट देतंय. कोणीतरी तिचं नाव पुकारतंय. किती गोड स्वप्न होतं ते! हात आपला पाटी बुडवत होता. मधल्या एका खेपेला आकडा बदलायचा राहून गेला, ते हाताला कळलं नाही आणि तिलाही नाही.

टाळ्यांनी तिला जाग आली. बाकीच्या पाच जणी केव्हाच पोहून बाहेर पडल्या होत्या. पाण्यात एकटी टिल्डा, आणि गॅलरीतले लोक टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या पोहणाऱ्या मुली बरोबर ओळखतात. जिंकणारीसाठी वाजतात त्या वेगळ्या. या बिचारीसाठीच्या.

सिग्नेने आकडा दाखवला. टिल्डा वळून समोरच्या टोकाकडे गेली.

फळीच्या पायरीवर टॉवेल गुंडाळून बसलेली वेस्ना वाकली. "सिग्ने, अगं, तिला लाल दाखवायची होतीस ना?"

"अजून एक आहे."

"नाही गं! मी इथून बघतेय मघापासून. झाल्या तिच्या!"

सिग्नेने हातातल्या पाटीकडे पाहिलं. समोरच्या भिंतीशी टिल्डाने थांबायला हवं होतं. ती वळली! लाल पाटी दिसली नव्हती म्हणून घड्याळवाल्यांनीही घड्याळं थांबवली नाहीत; ते आपले बोलतच होते. आता ओरडून उपयोग नव्हता. पोहणारीचे कान पाण्यात असतात, तिला फक्त पाटी दिसते.

आणि मग, त्या वर्षात पहिल्यांदाच, सिग्नेने टिल्डाला पोहताना नीट पाहिलं. खांदे भरून आले होते. हात पाण्याबाहेर येताना थरथरत होता. तरी एकही हात अर्धा पडत नव्हता. ती आली. सिग्नेने लाल पाटी बुडवली. टिल्डाने पाण्याखालून ती पाहिली, आणि खरं सांगतो, ती हसली! मग उरलंसुरलं सगळं बळ लावून ती निघून गेली.

घड्याळ नऊ मिनिटांच्या पुढे पाऊण मिनिटावर थांबलं. सरांनी सिग्नेकडे पाहिलं. सिग्नेने पाटी पुसायला घेतली.

कपडे बदलायच्या खोलीत टिल्डा केस पुसत बसली होती. डोळे लाल होते. पाण्यानेही होतात म्हणा.

"गेलं गं," ती म्हणाली. "एक गंमत सांगू? मला वाटलं होतं की झालं. मनात मोजत होते मी. पण तू आकडा दाखवलास. म्हटलं, सिग्ने कशी चुकेल? माझंच चुकलं असणार. माझं नेहमीच चुकतं."

सिग्नेने आपले बूट उचलले.

"आणि थँक्यू हं! एवढा वेळ माझ्यासाठी गुडघ्यांवर बसलीस. दुखले असतील."

सिग्ने 'नाही' म्हणाली आणि बूट हातात घेऊनच बाहेर पळाली.

शनिवारी घरामागच्या लाकडी सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीत, मावशी आणि भाची शेजारी शेजारी बसल्या होत्या. मावशीने तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफेने सगळं पुसून टाकलं. मावशीचा चेहराही दिसेना, नुसता आवाज राहिला. अशा वेळी माणूस खरं बोलतो. सिग्नेने सगळं सांगून टाकलं.

"तिची जागा गेली मावशी. माझ्यामुळे. वेस्नाला माहीत आहे, ती म्हणते तूच सांग. पण आता सांगितलं तर सगळ्या म्हणतील, मुद्दाम केलं."

"केलंस का मुद्दाम?"

"नाही! मी... मी बघतच नव्हते."

"हं." मावशीने आणखी एक पळी पाणी टाकलं. "तुझे आजोबा जमिनीखालच्या खाणीत होते. उतरताना प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला घेऊन उतरायचा, वर आला की खुंटीवर अडकवायचा. पाळी सुटली की बायका-पोरं दाराशी उभी. पहिला कोण वर आला, हे कोणी विचारत नसे गं. सगळ्यांची नजर रिकाम्या खुंटीवर. शेवटचा बिल्ला अडकेपर्यंत मुकादम घरी जात नसे. एकदा एक मुकादम आधीच घरी गेला. चूल पेटवायची घाई होती म्हणे त्याला."

"मग?"

"मग काय! खाली राहिलेला माणूस सापडला दुसऱ्या दिवशी, जिवंत सापडला. पण त्या मुकादमाला पुढे गावात कोणी शेवटचा बिल्ला मोजायला दिला नाही. तो वाईट नव्हता, पोरी. त्याने त्या माणसाला ढकललं नव्हतं. त्याने फक्त बघितलं नव्हतं. पण खाली अंधारात बसलेल्याला दोन्ही सारखंच!"

सिग्ने रडू लागली. सौनात रडण्याची एक सोय असते, घाम कुठला आणि आसवं कुठली हे कोणी विचारत नाही. मावशीने सौनातल्या रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीवर बर्च झाडाच्या पानांची जुडी हलकेच मारली. "ऊठ. बर्फात लोळून ये. आणि सोमवारी तोंड उघड."

सोमवारी सकाळी सहाला चाळीस मुली तलावाच्या काठावर कुडकुडत उभ्या होत्या. खिडक्यांबाहेर अजून अंधार होता. सिग्ने पुढे आली.

"गुरुवारी टिल्डाच्या फेऱ्या मी चुकवल्या. माझं लक्ष नव्हतं. ती जादाची फेरी पोहली."

मग कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. साल्मेला सरांनी चष्मा पुसायला काढला.

"मग तिची खरी वेळ किती?" त्यांनी विचारलं.

"कोणालाच माहीत नाही, सर. नऊच्या आत असेल, नसेलही. ती मी हरवली."

"पुन्हा पोहू दे तिला. मी स्वतः मोजतो."

"नको!" सिग्ने म्हणाली. "तिला परत परीक्षा का? नापास तर मी झालेय. मी तो नियमच मागे घेते."

सगळ्या टिल्डाकडे बघू लागल्या. ती रागावेल, रडेल, काहीतरी करेल. टिल्डाच्या चेहऱ्यावर मात्र नवल होतं, कोणी अनोळखी भाषेत आपली स्तुती करावी आणि आपल्याला ती समजावी तसं.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "मी बरोबर मोजलं होतं?"

"हो."

"माझं बरोबर होतं!" ती ओरडली. उंच खिडक्यांपर्यंत तिचा आवाज गेला. मग ती सिग्नेजवळ आली. "राग आलाय हं मला. आज दिवसभर राहील. उद्या बघू."

"चालेल," सिग्ने म्हणाली.

दोन आठवड्यांनी मोठी स्पर्धा होती, परगावी. सिग्नेला पाचशे यार्डच पोहायचे होते. तिच्या फेऱ्या नेहमी वेस्ना मोजायची. या वेळी सिग्नेने पाटी टिल्डाच्या हातात दिली.

"सूड घेईल हं ती!" वेस्ना म्हणाली. "चार फेऱ्या जास्त पोहायला लावेल!"

"एकच लावीन," टिल्डा म्हणाली. "उधार ठेवत नाही मी."

सिग्ने पाण्यात शिरली. ते पाणी स्वप्नातल्यासारखंच होतं, निळं आणि खोल आणि आवाजांना गिळून टाकणारं. पण छाती जळत होती आणि पुढे दोन मुली होत्या. दर खेपेला समोरच्या टोकाशी एक हात खांद्यापर्यंत पाण्यात बुडालेला दिसायचा, आणि त्या हातातली पाटी नाचत असायची. टिल्डा अर्धी पाण्यात लोंबत होती! पंचांनी तिला दोनदा मागे ओढलं म्हणे. सिग्नेने मनात एकही फेरी मोजली नाही. मोजायची गरजच वाटली नाही.

मग लाल पाटी आली. अगदी वेळेवर.

सिग्नेचा तिसरा नंबर आला. राज्याची स्पर्धा थोडक्यात हुकली. पाण्यातून वर येताना तिने टिल्डाचा ओला हात धरला आणि दोघी किती तरी वेळ हसत राहिल्या.

राऊटाच्या संघाचा नियम आज पूर्वीचाच आहे, फक्त एक भर पडली आहे. संघात जी सगळ्यांत मागे असेल, तिच्या फेऱ्या कॅप्टनने मोजायच्या.

मित्रहो, आपणही कुठे ना कुठे अशी पाटी हातात धरून बसलेले असतो. कोणी वर्गात, कोणी कचेरीत, कोणी आपल्याच घरात. पुढे गेलेल्यांकडे सगळेच बघतात, त्याला कॅप्टन लागत नाही. मागे राहिलेल्याकडे बघा! तुमची नजर छतावर असली, तरी तो तुमच्यावर विश्वास ठेवून पोहतच असतो. आणि तुमची चूक झाली, तर तो म्हणतो, माझंच चुकलं असेल.