चार बोटं वर राहिलेला गज

या, जरा सरकून जवळ बसा. माझ्या गळ्यात वीणा नाही की मागे झांजकरी नाहीत, पण आमच्या महाल भागातल्या एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. ऐकून पुण्य लागेल असं नाही म्हणत. घरी जाताना मन थोडं मऊ झालेलं असेल, एवढं मात्र खात्रीनं सांगतो.

"बापू, दोन मिनिटं थांब ना गा. याची बंदूक ठेवतो अन् निघू," मार्तंडराव म्हणाले.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. दिवेलागणीची वेळ. मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उपरणं सावरत उभा. पलीकडच्या गल्लीतल्या देवळात अमरावतीचे बुवा आले होते, अंबरीषाचं आख्यान लावणार होते, आणि पेटीचे सूर इथपर्यंत ऐकू येत होते. कीर्तन सुरू झाल्यावर मांडवात शिरणं म्हणजे पंगतीत भात वाढून झाल्यावर पाटावर बसण्यासारखं. माझा जीव वरखाली होत होता.

आत स्टुलावर बळीराम बसला होता. रामटेकच्या डोंगरापलीकडे त्याचं गाव, चार एकर धानाचं शेत. त्याची बंदूक मार्तंडरावांच्या मांडीवर आडवी. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू भरून गजानं ठासायची. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात.

"मंग, औंदा मारलं का एखादं डुक्कर?" मार्तंडरावांनी विचारलं.

"कायचं मारतो भाऊ. आवाज केला का पयतात ते. बायजा म्हन्ते, तुमची बंदूक म्हंजे लायसनवाला फटाका हाय."

"बायजाबाई खरं बोलते."

"तिच्यासमोर बोलू नका. आधीच लई खरं बोलते ते."

दोघं हसले. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "मार्तंडराव, पूर्वरंग अर्धा झाला असेल हो."

"आलो, आलो," म्हणत त्यांनी बंदुकीला चिठ्ठी बांधली, ती भिंतीवरच्या खुंट्यांवर ठेवली, जाळीला कुलूप घातलं आणि आम्ही निघालो. बुवा त्या दिवशी असे रंगले होते, काय सांगू. दुर्वासाचा राग त्यांनी नुसत्या भुवईनं दाखवला.

आता हे मार्तंडराव उमाठे कोण, ते सांगतो. शिकार कधीच बंद झाली, पण पीकरक्षणाच्या परवान्यावर जुन्या भरमारी खेड्यापाड्यांत अजून आहेत. मृगात पेरणी झाली की त्यांचे दिवस सुरू होतात आणि कापणी झाली की संपतात. मग पुढचे सहा-सात महिने बंदूक ठेवायची कुठे? नळीत जळक्या दारूची काजळी राहिली तर ती हवेतलं पाणी ओढून घेते आणि आतून लोखंड खाते. म्हणून लोक ती मार्तंडरावांकडे आणून देत. ते धुऊन, पुसून, तेल देऊन मृगापर्यंत सांभाळत. तशी सरकारी परवानगी त्यांच्या वडिलांपासून होती. बावीस बंदुका, बावीस खुंट्या. त्या माणसानं जन्मात एकदाही बंदूक उडवली नव्हती. मुंगी चिरडली तर हळहळणारा माणूस.

त्यांचा नियम एकच. बंदूक आली की आधी नळीत गज सोडायचा. गजाचं टोक नळीच्या तोंडाशी बरोबर बसलं, तर आत काही नाही. वर राहिलं, तर तेवढी भरलेली आहे. ते म्हणायचे, "माणसाला काय विचारता, गजाला विचारा." गज टाकून, नळी धुऊन झाली की मगच पांढरी चिठ्ठी. चिठ्ठ्यांवर नावं घालायच्या त्यांच्या पत्नी यमुताई, कारण दोन वर्षांपासून मार्तंडरावांना काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

मृग लागला. बळीराम टोपलीभर जांभळं घेऊन बंदूक न्यायला आला. मी तिथंच पेपर वाचत होतो.

मार्तंडरावांनी त्याची बंदूक काढली. परत देतानाही मालकासमोर गज टाकायची त्यांची रीत होती. गज आत गेला आणि थांबला. त्यांनी तो बाहेर काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा सोडला. मग नळीच्या तोंडावर उरलेल्या गजाला चार बोटं लावून पाहिली. चारही मावली.

"काय झालं भाऊ?"

"बळीराम, ही भरलेली आहे."

पेपर माझ्या हातातच राहिला. ज्या भिंतीवर ती बंदूक सहा महिने होती, तिच्या पलीकडे यमुताईंचा देव्हारा. तिथं दिवसरात्र समई.

"टोपी त नाई ना लावेल," बळीराम हळूच म्हणाला. ठिणगी पाडणारी ती छोटी टोपी नसली तर चाप ओढूनही बार उडत नाही, हे खरं.

"टोपी नाही," मार्तंडराव म्हणाले.

बळीरामानं जांभळांची टोपली बाजूला सरकवली. "चूक माही हाय भाऊ. धान घरात आलं का शेवटला बार आमी खळ्यावर काढतो, भूमीच्या नावानं. पन त्या रोजी आमच्या सुनेच्या, काजलच्या पोरीची पाचवी होती. सुनेनं नुकतं लेकरू झोपवलं होतं. म्हटलं, एवढासा जीव, दचकून जाईन. उद्या काढू. अन् उद्या तशीच पिशवीत घालून इकडं आनली."

"तू बार काढला नाहीस, हे कबूल. पण गज न टाकता चिठ्ठी मी बांधली. सकाळी आलो, पांढरी चिठ्ठी पाहिली, झालं म्हणून पुढच्या बंदुकीला लागलो."

मला तो गुरुवार आठवला. पेटीचे सूर आठवले. म्हणालो, "मार्तंडराव, त्या दिवशी मीच घाई..."

"तू कीर्तनाला बोलावलंस बापू. चिठ्ठी बांधायला नाही."

"हे पाहा," बळीराम आवाज खाली आणून म्हणाला, "तिघायलेच मालूम हाय. चौथ्याले सांगाचं काय काम?"

"चौथी इथं उभी आहे," चहाचा ट्रे घेऊन आलेल्या यमुताई म्हणाल्या.

मार्तंडरावांनी टोपी बसते त्या बारीक नळीतून पाणी सोडून दारू भिजवली. मग गजाला मळसूत्र लावून आतला काथ्या, छर्रे, काळा गाळ सगळं बाहेर ओढलं. ते झाल्यावर म्हणाले, "आता हे काम मी बंद करतो."

"अहो, मी उभी राहीन ना शेजारी," यमुताई म्हणाल्या. "दर बंदुकीला विचारीन, गज टाकला का. तुमचा चष्मा रोज मीच शोधते, त्यात हे एक."

"डोळे गेले ते चालेल गं. पण माझ्या हातानं काय केलं अन् काय नाही, हे मलाच ठाऊक नसेल तर लोकांनी भरवसा कोणावर ठेवायचा?"

त्या क्षणी मला वाटत होतं, दुकानाचं काय होईल. यमुताईंच्या चेहऱ्यावर मात्र दुसरंच होतं. हे काम काढून घेतलं तर या माणसाचं काय उरेल, ते त्या पाहत होत्या.

मार्तंडरावांनी एकेका मालकाला बोलावलं. प्रत्येकासमोर गज टाकला आणि प्रत्येकाला झालेली चूक स्वतःच्या तोंडानं सांगितली. बाकीच्या एकवीस रिकाम्या निघाल्या. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी मुकाट्यानं पिशवी उचलली. कन्हानचा नत्थू तेवढा तडकला. "माह्या घरी लहान लहान लेकरं हायेत भाऊ. तुमच्या चिठ्ठीवर इसवास ठेवून आमी बंदूक घरात नेतो." मार्तंडराव हात जोडून त्याचं सगळं ऐकत उभे राहिले. मग एके सकाळी परवानगीचा कागद परत करून आले. त्या दिवशी दुपारी ते जेवले, झोपले, उठले आणि दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. आत भिंतीवर नुसत्या खुंट्या.

पावसाळा गेला, दसरा गेला. कीर्तनाला ते यायचे, खांबाला टेकून बसायचे. आख्यान रंगात आलं तरी त्यांचा अंगठा बोटांवर काही तरी पुसत असायचा. शेजारी बसून मी ते पाहत होतो, आणि खरं सांगतो, त्या वर्षी मला एकही कीर्तन गोड लागलं नाही.

धानाची कापणी झाल्यावर बळीराम आला, मोकळ्या हातानं.

"भाऊ, नत्थूनं एका ठिकानी देली होती साफ कराले. वरून तेल चोपडून चकाचक आनली. आतून गंज. पावडरीवानी झडून राहिला."

"दुकान बंद केलं मी, बळीराम."

"दुकान बंद झालं. तोंड कोनी बंद केलं? तुमी हात लावू नका. खाटेवर बसा, सांगा. करू आमी."

मार्तंडराव रिकाम्या खुंट्यांकडे वळले. यमुताईंनी आतून त्यांची शाल आणली आणि मला म्हणाल्या, "बापूभाऊ, तुम्ही जा सोबत. अन् परतायची घाई करू नका."

एसटीनं आम्ही त्याच्या गावी गेलो. अंगणात पाच भरमारी मांडलेल्या, त्यांचे मालक उकिडवे बसलेले. त्यात नत्थूही होता. त्यानं उठून खाट झटकली आणि मार्तंडरावांना हाताला धरून बसवलं. ज्यानं त्यानं आपापल्या नळीत गज सोडला. मार्तंडराव प्रत्येक नळीच्या तोंडावरून बोट फिरवत गेले. पाचही गज बरोबर बसले.

बायजाबाईनं चुलीवर पाणी उकळत ठेवलं होतं. चहाच्या मोठ्या किटलीतून ती ते नळीत ओतू लागली. तळाच्या बारीक नळीतून पाणी भांड्यात पडलं, सडक्या अंड्यासारखा वास सुटला.

"कसं आहे पाणी?" मार्तंडरावांनी विचारलं. एव्हाना त्यांना समोर नुसतं धुकं दिसत होतं.

"शाईवानी हाय भाऊ."

"आणखी ओत. उकळतंच ओत, कोमट नको. नळी तापली की आपोआप वाळते."

ती ओतत राहिली. "आता?" त्यांनी विचारलं.

"तांदयाच्या धुवनावानी."

"आणखी."

"चूल इझून जाईन माही," बायजाबाई म्हणाली आणि पुन्हा ओतलं. मग भांड्यात वाकून पाहिलं. "घ्या. तळ दिसते आता."

"बघू," मार्तंडराव म्हणाले.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बायजाबाईनं त्यातलं थोडं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी वाकून वास घेतला, करंगळी बुडवून जिभेला लावली. अंगणात पाच माणसं तोंडाकडे पाहत थांबलेली.

"झालं," ते म्हणाले. "पुसा. अन् नळीला तेल थोडंच लावा."

मग त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले. नत्थूनं धुतलेली नळी फडक्यात धरून त्यांवर ठेवली. आतली वाफ सरेपर्यंत ते ती गरम नळी तशीच धरून बसले.

मंडळी, तुमच्या गावीही कीर्तन होत असेल. शेवटी कपाळाला तो काजळीसारखा काळा बुक्का लावून घ्याल, तेव्हा आमच्या मार्तंडराव उमाठ्यांची क्षणभर आठवण काढा.